हॉलचं बिल

२००६ साली वरदाच्या कंपनीने लंडनमधल्या हॅरो भागातल्या एका कम्युनिटी हॉलला स्वखर्चाने गॅसवर ऊब देणारा नवा बॉयलर आणि दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून दिल्या. गॅसच्या बिलात जेवढी बचत होईल, त्यातूनच कंपनीला पैसे मिळणार होते. वर्ष झालं, पण बिल पहिल्याइतकंच आलं. वरदा धास्तावून हॉलवर धावली.

"उदयकाका, खिडक्या उघड्या टाकता का हो?"

हॉल सांभाळणारे उदयकाका हसले. "छे गं! पूर्वी आत इतकं गारठायला व्हायचं, की रविवारशिवाय कोणी फिरकायचं नाही. आता तेवढ्याच गॅसवर हॉल रोज उघडा असतो आणि लोक घरी जायचं नाव घेत नाहीत. चल आत, तुला बसायला जागा मिळते का बघू."