सहा भोकांचा चिमटा

समाधानने स्वयंपाकघराच्या लाइनचं बटण खाली पाडलं, त्यावर लोखंडी चिमटा बसवला, चिमट्याला लाल कुलूप घातलं, कुलपाला स्वतःचा फोटो असलेली पाटी अडकवली आणि चावी खिशात टाकली. पाटीवर लिहिलं होतं, ‘धोका. माणूस काम करत आहे. चालू करू नये.’

केकचं पीठ घोटत भाग्यश्री दारात उभी राहून हा सोहळा बघत होती. तिला हसू आवरेना.

“अहो, घरात आपण दोघंच. चालू करायला काय भूत येणार आहे?”

“सवय आहे गं.”

“जित्याची खोड!”

समाधान चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. सुरक्षा सप्ताहात कुणाला डबा मिळाला, कुणाला छत्री. याला बक्षीस म्हणून हे चिमटा-कुलूप मिळालं, आणि सगळ्यांत जास्त आनंद यालाच झाला. चिमट्याला सहा भोकं. एका मशीनवर सहा जण काम करत असतील तर सहा कुलपं लागतात, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत मशीन जागं होत नाही. हा नियम त्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला ऐकवला होता. त्यामुळे तिला तो पाठ होता.

मोशीच्या या फ्लॅटबरोबर भिंतीतला ओव्हन आयताच मिळालेला. वर मायक्रोवेव्ह, खाली ओव्हन, दोन्ही एकाच कपाटात बसवलेले. आज सकाळपासून वरचा नीट चालत होता आणि खालचा नुसता दिवा लावून थंडगार बसला होता. संध्याकाळी त्यांच्या लेकीच्या, मैत्रीच्या, वर्गातली पोरं तिच्या वाढदिवसाला येणार होती. ‘केक माझी आई घरी करते’ असं ती आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली होती. विकतचा आणला असता तर पोरगी चारचौघांत तोंडघशी पडली असती. म्हणून कंपनीच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीची झोप सोडून समाधान कामाला लागला होता.

स्क्रू काढून त्याने खालचं धूड पुढे ओढलं आणि टेबलावर टेकवलं. वरच्या मायक्रोवेव्हला मात्र हात लावला नाही. वीज तोडली तरी त्याच्या पोटात झटका दबा धरून बसलेला असतो. बॅटरी दातांत धरून त्याने खालच्या ओव्हनच्या मागे कोपरापर्यंत दोन्ही हात घातले. हीटरची एक तार जळून सुटली होती.

तेवढ्यात बेल वाजली. भाग्यश्रीचे वडील अण्णासाहेब नातीसाठी फ्रॉक घेऊन काळेवाडीहून आले होते. डाव्या हातात पिशवी, उजवा हात नेहमीसारखा खिशात. त्या हाताची दोन बोटं भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनखाली गेली होती. विषय निघाला की ते “मशीननं खाल्ली” एवढंच म्हणत, आणि तिथेच तो संपे.

“काय उकडतंय गं! पंखा बंद व्हय? बटन पडलंय वाटतं,” असं म्हणत ते बुटासकट दाराजवळच्या बोर्डाकडे वळलेसुद्धा. हॉलचा पंखाही स्वयंपाकघराच्याच लाइनवर होता.

समाधानच्या तोंडात बॅटरी, हात आत. त्याला बोलता येईना. बोर्डाचं झाकण उघडल्याचा आवाज त्याने ऐकला. मग काहीच ऐकू आलं नाही.

“हे कुणी लावलं?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“तुमच्या जावयानं, अण्णा. घराची पार कंपनी करून टाकलीये.”

अण्णासाहेब हसले नाहीत.

“बरं केलं. आमच्या टायमाला असलं काई न्हवतं. मी आत हात घातलेला, अन् पलीकडनं मारुतरावानं बटन दाबलं. त्याचा दोष न्हाई. त्याला मी दिसलोच न्हाई.” त्यांनी पाटीवरच्या फोटोवर बोट ठेवलं. “आत्ता मला तरी जावई कुठं दिसला?”

पीठ घोटायचा आवाज थांबला. समाधानला एकदम सासऱ्यांची फार माया आली. आत तार धरलेली त्याची बोटं त्याला नव्याने जाणवली.

मग पावलं वाजली. बेडरूमचं कपाट उघडलं, मिटलं. काहीतरी किणकिणलं. भाग्यश्री पाहुण्यांसाठी चांगल्या ताटल्या काढत असेल, असं समजून त्याने जळकं टोक कापलं, नवं बसवलं, दोनदा ओढून पाहिलं. ओव्हन पुन्हा कपाटात ढकलला, स्क्रू आवळले आणि खिशातली चावी काढत तो बोर्डापाशी आला.

चिमट्याच्या दुसऱ्या भोकात प्रवासाच्या बॅगेचं छोटं पिवळं कुलूप होतं. त्याला दोऱ्याने मैत्रीच्या वहीचं लेबल बांधलेलं. ‘नाव’ छापलेल्या ओळीपुढे भाग्यश्रीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘माझा माणूस आत आहे.’

“अगं, काम झालं. काढ तुझं कुलूप, पोरं येतील आता.”

ओढणीच्या टोकाला चावीची गाठ मारलेली भाग्यश्री समोर येऊन उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

“आधी हात दाखवा.”

त्याने काजळीने माखलेले दोन्ही पंजे पुढे केले. तिने ते आपल्या पिठाच्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि अंगठ्यापासून एकेक बोट दाबून पाहायला लागली.

“नीट मोज, पोरी,” मागून अण्णासाहेब म्हणाले.