नववी खेळाडू

“एक पोरगी वरच्या संघात पाठव, नाहीतर हा सामना सोडून द्यावा लागेल,” महाजनसर म्हणाले आणि मदतनीस प्रशिक्षक ऋजुतावर निवड सोपवून पंचांकडे गेले.

सतरा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात आठच मुली आल्या होत्या, नऊ हव्यात. चौदाखालच्या संघात मात्र सोळा जणी, त्यातल्या सात कायम बाकावर. त्या सातजणींपैकी उन्नतीने एकटीनेच हात वर केला. “मी जाते ना, ताई!” बारा वर्षांची, काडीसारखी पोर. ऋजुता भौतिकशास्त्राची पदवीधर. मोठ्या मुलींचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात अंगावर येतो, हे तिने स्वतः मोजलेलं. तरीही दुसरी कोणी तयार होईना, म्हणून तिने उन्नतीला पाठवलं.

उन्नतीची फलंदाजी आली तेव्हा हेल्मेट तिच्या डोळ्यांवर घसरत होतं. “अगं, जरा मागे उभी राहा!” ऋजुता बाहेरून ओरडली. तेवढ्यात समोरच्या चेंडू फेकणाऱ्या पिचरचा हात गरकन फिरला आणि चेंडू उन्नतीच्या दंडावर आदळला.  ऋजुता धावत मैदानात शिरली.

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचांनी पहिल्या बेसकडे बोट दाखवलं. चेंडू अंगाला लागला की पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट मिळतो.

“खरंच जाऊ?” म्हणत ती दंड चोळत पळत सुटली आणि बेसवर दोन्ही पाय रोवून ओरडली, “ताई, पहिल्यांदाच इथवर आले! आईला फोटो पाठवा ना!”

ऋजुताने चार फोटो काढले. चारही हलले.