निरोपाची खिडकी

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा, लहानशीच कथा आहे. डेन्मार्कमधल्या एका बालवाडीत मुलांच्या रेनकोट-गमबुटांसाठी कपाट करायचं होतं, म्हणून थोरकिल सुतार मापं घ्यायला आला. एका भिंतीला हीटर, दुसरीला आग लागली तर पळायचं दार, तिसरीत संडासांची दारं. उरली बुटक्या खिडकीची भिंत. रोज सकाळी मुलं तिथूनच आईबापांना हात हलवून निरोप देत.

"खिडकी झाकली जाईल हो, युटेबाई," तो बालवाडीच्या मुख्य बाईंना म्हणाला.

"जाऊ द्या. चार दिवस रडतील पोरं, मग विसरतील."

खिडकीशी चार वर्षांची सिग्ने उभी होती.

"सरक गं राणी, माप घेऊ दे."

"थांबा ना सुतारकाका! आई अजून फाटकातच आहे."

"का गं, आई गेली की रडू येतं होय तुला?"

"छे! मला नाही, आईला येतं. मी हात हलवल्याशिवाय तिला सायकलवर बसताच येत नाही."

थोरकिलनं बाकीच्या भिंती पुन्हा मापून पाहिल्या. कपाट कुठेच बसेना. शेवटी मान खाली घालून त्यानं खिडकीची रुंदी टिपून घेतली.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा सिग्नेच्या आईची आठवण ठेवा.