आप्पांचं कार्ड

“निळा शर्ट घाल,” भीमाशंकर म्हणाले.

नंदीशनं बॅगेत लेन्स भरता भरता वडलांकडं पाहिलं. माकणीला मोटरसायकलींची शर्यत होती, तीही मातीतली. धूळ खायला जायचं तर दिवाळीचा शर्ट कशाला? पण आप्पांशी वाद घालून उपयोग नसतो, एवढं त्याला तिशी गाठेपर्यंत कळलं होतं. त्यानं मुकाट्यानं शर्ट बदलला आणि दोघं उमरग्याहून निघाले.

उमरग्यात भीमाशंकरांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, बारशाचे फोटो काय, कुणीही काढतं. त्यांचं नाव झालं ते या शर्यतींमुळं. उडीवर हवेत गेलेली गाडी ते अशी टिपायचे, की चाकाला चिकटलेलं ढेकूळसुद्धा मोजून घ्यावं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. येडशीच्या शर्यतीनंतर नंदीशनं फोटो उघडले, तर कुठं नुसती धूळ, कुठं अर्धं चाक, कुठं काहीच नाही. त्याला रडूच आलं. आप्पांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा गर्व केला होता आणि तीच हातातून निसटली होती. हे त्यांना सांगायचं कुणी?

त्यानं सांगितलंच नाही. बरे निघालेले चार फोटो पुढं केले आणि पुढच्या शर्यतीच्या आत आप्पांसारखाच एक कॅमेरा घेतला. मी आपला व्हिडिओ काढतो, अशी थाप मारली. शर्यत संपली की “द्या, धूळ पुसून देतो” म्हणून तो आप्पांचा कॅमेरा घ्यायचा, त्यातलं मेमरी कार्ड काढायचा आणि आपलं घालायचा. आप्पांचं कार्ड न बघताच कोरं करून टाकायचा. बघायची हिंमतच नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार शर्यती अशा निभावल्या. चारही वेळा लोक म्हणाले, भीमाशंकरांचा हात अजून तसाच आहे. आप्पा नुसती मान हलवायचे.

माकणीत शर्यत भरवणारे आण्णासाहेब मंडपाच्या दारातच भेटले. चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच मुद्द्यावर आले. आप्पांच्या हाताबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. सोलापूरचा एक फोटोग्राफर पुढच्या वर्षी यायला तयार होता. आज बक्षिसाच्या आधी मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर फोटो दाखवू, मग काय ते ठरवू, असं ते म्हणाले. नंदीशनं चहा तसाच खाली ठेवला. आप्पा मात्र बशीतल्या चहावर फुंकर मारत बसले होते.

ज्वारी काढून झालेल्या रानात मशीन फिरवून रस्ता केला होता. टँकरनं पाणी मारलं होतं, पण उन्हानं ते तासाभरात पिऊन टाकलं. आप्पांनी वळणाच्या आतल्या बाजूला स्टूल टाकलं, गुडघ्यावर कोपर टेकवलं आणि नेहमीप्रमाणं नंदीशची जागा ठरवून दिली.

“तू पल्याड त्या बांधावर थांब. तिथनं हलू नको.”

“आप्पा, तिथं ऊन तोंडावर येतंय.”

“येऊ दे की.”

ऊन पाठीशी घ्यावं हे ज्यांनी त्याला शिकवलं, तेच त्याला उन्हाकडं तोंड करून उभं करत होते. म्हातारपण, दुसरं काय. नंदीश जाऊन बांधावर उभा राहिला.

गाड्या सुटल्या. नंदीशनं एकही फेरी सोडली नाही. उमरग्याच्या वीरभद्रनं शेवटच्या उडीवर दोघांना मागं टाकलं, तो क्षणही त्याला नेमका सापडला. मधूनच तो पलीकडं बघायचा. आप्पा कॅमेरा डोळ्याला लावून बसलेले. गाडी समोरून जायची, धूळ थोडी खाली बसायची आणि मग कुठं त्यांचं बोट दाबलं जायचं. दर वेळी उशीर. त्यांची त्याला इतकी माया आली, की डोळे पुसावे लागले.

शर्यत संपताच तो धावत त्यांच्यापाशी गेला.

“द्या आप्पा, पुसून देतो.”

“राहू दे आज.”

भीमाशंकरांनी स्वतःच कार्ड काढायला घेतलं. बोटं थरथरत होती, दोन वेळा सुटलं, तिसऱ्या वेळी निघालं. ते मुठीत धरून ते मंडपाकडं चालू लागले. नंदीश मागून विनवत होता. आधी मी एकदा बघतो म्हणाला, कार्डात धूळ गेली असेल म्हणाला, शेवटी तर पाणी तरी प्या म्हणाला. त्याचं स्वतःचं कार्ड खिशात होतं, पण एवढ्या माणसांत त्यांच्या मुठीतलं ओढून कसं घ्यायचं?

आण्णासाहेबांनी कार्ड घेतलं आणि लॅपटॉपला लावलं. मंडपात दोनेकशे माणसं होती. पोरं तर शिट्ट्या मारायला तयारच बसली होती. नंदीशनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता हसतील, त्याला वाटलं.

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

पडद्यावर मोटरसायकल नव्हती. धूळ खाली बसत होती आणि तिच्यामागं बांधावर निळ्या शर्टात तो स्वतः उभा होता. एका डोळ्याला कॅमेरा, तोंडावर ऊन. मिटलेल्या डोळ्याच्या पापण्यांवरची मातीसुद्धा स्वच्छ दिसत होती. आण्णासाहेबांनी पुढचा फोटो लावला. त्यातही तोच. त्याच्या पुढच्यातही तोच.

“हे कार्ड माझं हाय,” भीमाशंकर म्हणाले. “शर्यतीचं त्याच्या खिशात हाय, आण्णासाहेब.”