उंबऱ्यावरची रांग

“साहेब, पाय!” अख्खी तिसरी एकदम ओरडली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी पाय टाकलाच. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, त्यातल्या काही बुटाखाली गेल्या. सुतळीने रांगेची लांबी मोजत पालथी पडलेली पोरं उठून बसली.

“बाई, हा गणिताचा तास आहे की कीर्तनाचा?”

“गणिताचाच, साहेब. रांग मोजायची, पण मुंगी दुखवायची नाही, एवढंच सांगितलंय.”

“भूतदया शिकवायचा पगार घेता का? पुस्तक काढून आकडेमोड करून घ्या!” साहेबांनी कोपऱ्यातला झाडू उचलून बाईंच्या हातात कोंबला. “आधी हे झाडा. नाहीतर दिवाळीनंतर तुम्ही डोंगरावरच्या शाळेत.”

डोंगरावर जायला धड रस्ता नव्हता आणि बाईंचं पोर अजून अंगावर पीत होतं. बाई झाडू घेऊन वाकल्या. सगळी पोरं त्यांच्या हाताकडे बघत होती. क्षणभर तशाच थांबून बाई सरळ उभ्या राहिल्या.

“माझ्याच्यानं होणार नाही, साहेब. या पोरांसमोर तर नाहीच.”

“मग बांधा सामान!”

साहेब तणतणत निघाले. उंबऱ्याशी येताच त्यांचा उजवा पाय आपसूक उंच झाला आणि रांगेच्या पलीकडे पडला. मागोमाग डावाही तसाच, अलगद.

त्यांनी वळून पाहिलं. सगळा वर्ग त्यांच्या बुटांकडे बघत होता.

“हसता काय रे?” साहेब खेकसले.

हसत कुणीच नव्हतं.