आवाजाची जुळणी

"ह्यो आवाज माजा हाय," राहीबाई म्हणाली. "तेवढा काढा."

राधाकृष्ण सरांनी आपल्या सिनेमाची जाहिरात पुन्हा लावली. सिनेमा महापुराचा. नगरच्या त्या स्टुडिओत पडद्यावर काळं पाणी गोठ्यात शिरलं, वीज कडाडली, भिंत बसली. मग सगळे आवाज एकदम बंद. पाण्यावर एक घमेलं गरगरत राहिलं आणि एका बाईची किंकाळी आली. बाई दिसत नव्हती.

"मुद्दाम मुकं केलंय," सर म्हणाले. "तरच ती किंकाळी काळजात घुसते. मुंबईच्या कलाकार बाई आहेत त्या."

"मुंबईची?" राहीबाईचा पुतण्या आदिनाथ उसळला. "भादव्यात शेवगावकडं पूर आला, तवा चुलतीचा पोरगा, आमचा अमृत, गाया सोडाया गेल्ता. आलाच न्हाई. कुनीतरी मोबाईलवर काढलं, जिल्हाभर फिरवलं. चुलती त्यात वरडतीया, 'अमृत, गाय मरू दे, तू ये!' तुमी शबुद कापले अन् आवाज ठिवला. मरायला आमी, तिकीट फाडायला तुमी!"

"त्या व्हिडिओत निम्मा पाऊसच ऐकू येतो. पुरावा काय?"

राहीबाईनं हात जोडले. "गावातली पोरं मोबाईलवर ही तुमची जाहिरात लावत्यात, सायेब. आवाज आला की आमचे मालक ताटावरून उठत्यात. मानूस वाळून चाललाय. दुसरं काय बी नको मला."

ध्वनीचं काम बघणारी पंकजा म्हणाली, "सर, मावशींनी एकदा तसंच ओरडून दाखवलं तर मशीन दोन्ही आवाज जुळवेल. जुळला तर काढू."

आदिनाथला पटलं. कुठल्याही कचेरीत गेलं की आपण आपणच आहोत हे दाखवावं लागतं. त्यात नवीन काय?

आतल्या खोलीत भिंतींना जाड गाद्या होत्या. पंकजानं पंखा बंद केला. आदिनाथला काचेबाहेर उभं केलं.

"मावशी, बांगड्या काढता? मशीन चुकतं."

"मालक जिते हायेत माजे."

"बरं, राहू द्या." पंकजानं स्वतःच्या ओढणीनं तिची मनगटं गुंडाळली. पाणी पाजलं.

राहीबाई ओरडली. आवाज लाजरा निघाला.

"असं नाही. डोळे मिटा. अमृत कुठं होता?"

"लिंबापातूर आल्ता."

"पाणी?"

"छातीला."

दुसरी हाकही घशातच अडकली.

"तुमच्याकडं बघितलं त्यानं?"

काचेबाहेरून आदिनाथला फक्त चुलतीचं तोंड उघडलेलं दिसलं. मानेच्या शिरा दिसल्या. ऐकू काहीच आलं नाही. त्यानं काचेवर थाप मारली. तीही कोणाला ऐकू गेली नसावी.

ती बाहेर आली तेव्हा पंकजाचे डोळे ओले होते. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक हिरवी, एक तांबडी.

"नाही जुळत, मावशी."

"आरं, नीट बगा की!" आदिनाथ ओरडला. "ह्या बाईचा न्हाई तर काय माजा आवाज हाय त्यो?"

राहीबाईनं अंगठा पुढं धरला. वीस वर्षं ऊस तोडून तो गुळगुळीत झाला होता. "ऱ्हाऊ दे, आदिनाथ. रेशनच्या मशीनला बी मी घावत न्हाई. मशीनपुढं आपलं काय चालतंय? मालकांना सांगू, दुसऱ्याच बाईचा हाय म्हनून. तेवढंच दोन घास खातील."

सरांनी चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, हात जोडले. आदिनाथनं चुलतीला गाडीवर बसवलं. ती दोघं वळणाआड जाईपर्यंत सर पायरीवर उभे राहिले. मग आत आले.

"जुना काढून टाक," ते पंकजाला म्हणाले. "मोबाईलवरचा तो, मागं पावसाची खरखर येते. आजचा तिसरा लाव."