निम्मी दारू
खांद्याच्या ऑपरेशननंतर डेलिया प्रथमच नवऱ्यासोबत एल्क या थोराड हरणाच्या शिकारीला निघाली होती. "एवढं धूड पाडायचंय, मर्ल. बंदुकीत दारू नेहमीएवढीच ठास," तिने बजावलं. पण बाराचा दणका तिच्या खांद्याला सोसणार नाही, म्हणून मर्लने गुपचूप निम्मीच भरली. सकाळी तिने अचूक नेम साधला. एल्क धडपडला आणि रानात शिरला. रक्ताचा माग काढत दोघांनी दिवसभर डोंगर तुडवला. संध्याकाळी तो ओढ्याकाठी बसलेला सापडला, अजून जिवंत. जखम योग्य जागी होती, पण उथळ. "किती भरली होतीस?" तिने विचारलं. "निम्मी. तुझा खांदा दुखेल म्हणून." "दुखला असता तर तू शेकून दिला असतास. याचं काय?" मर्लला एल्ककडे बघवेना. तिने पूर्ण माप दारू स्वतः ठासली आणि बार काढला. परतताना मर्लने बंदूक घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.